दुसरं अंडं

देओलिंदाच्या खानावळीत दुपारचं जेवण
साडेसात युरोंवरून नवावर गेलं,
नवावरून अकरावर.
फळ्यावरचा जुना आकडा पुसताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही,
मीही फळ्याकडेच पाहत राहिलो.
अकरा गुणिले सव्वीस.
दुपारभर सेतूबालच्या धक्क्यावर फेरीबोटीचा दोर फेकताना
डोक्यात हाच गुणाकार,
आणि दोर दोनदा खुंटावर बसलाच नाही.
कप्तान वरून ओरडला, बेलमिरो, झोपलास काय?

त्यात खालचे पुढचे चार दात नाहीत.
दंतवैद्यानं आकडा कागदावर लिहिला
आणि कागद पालथा करून पुढे सरकवला.

म्हणून पन्नाशी उलटल्यावर मी चूल मांडली.

पातेलं आईचं, सात जणांचं.
माझं सूप त्याच्या तळाशी इतकं खाली
की डाव फिरवला की आधी पातेलंच वाजतं.
पाककृती सगळ्या चौघांच्या.
मी चारानं भागतो.
कांदा पाव. लसणाची एक पाकळी.
मिठाला भाग जात नाही, चिमूट ती चिमूट.
अर्धं तमालपत्र उरतं,
ते कुठे ठेवायचं हे कुठल्याच पुस्तकात नाही.

सगळ्यात स्वस्त, आणि बोळक्या तोंडाला सगळ्यात सोयीचं:
शिळा पाव.
संध्याकाळी सातनंतर बेकरीत निम्म्या भावानं मिळतो,
तो आणखी दोन दिवस ठेवायचा, दगड होईतो.
मग लसूण, मीठ, कोथिंबीर खलबत्त्यात चेचायची,
देठांसकट; देठ टाकतात ते पैसेवाले.
ऑलिव्हचं तेल, हात आखडून.
वर आधणाचं पाणी, ज्यात आत्ताच अंडं शिजलंय.
आणि त्यात पाव.
दोन मिनिटांत तो आपलं वय विसरतो.
एक युरो दहा सेंट,
गॅस धरून.

मासेवाली फिर्मिना हल्ली माशांची डोकी बाजूला काढून ठेवते.
कागदात गुंडाळते, म्हणते, तुझ्या मांजराला.
मला मांजर नाही. तिला ठाऊक आहे.
पुढच्या शनिवारी विचारते, मांजर कसं आहे?
मी म्हणतो, जरा उतरलंय, पण मिश्यांवर ताव आहे.

पहिल्याच महिन्यात भात करपला.
तोही खाल्ला,
कारण वहीत त्याचे पैसे लिहून झाले होते.

मार्चमध्ये देओलिंदा रस्त्यात भेटली.
आजारी होतास?
नाही, म्हटलं, स्वयंपाक करत होतो.
तिनं असं पाहिलं
जणू मी गुपचूप लग्न उरकलंय.
खुर्ची अजून रिकामी आहे वगैरे काही म्हणाली नाही.
म्हणाली, बारा केलेत आता. वाईनसकट.
आणि पिशवी या हातातून त्या हातात घेऊन
थोडी थांबली.

काल नदीवर धुकं होतं, शेवटची बोट तासभर उशिरा.
घरी आलो तेव्हा बोटं दोराच्या आकाराचीच राहिलेली.
पाणी ठेवलं.
एक अंडं फोडलं,
आणि हात आपसूक दुसऱ्याकडे गेला,
काही कळायच्या आत तेही पाण्यात.
पांढऱ्याला पांढरं चिकटलं,
दोन बलक शेजारी शेजारी थरथरत होते.
कुणी यायचं नव्हतं.
दाराकडे एकदा पाहिलं मात्र.
मग दोन्ही मीच खाल्ली, गरम गरम, उभ्यानं.

वहीत रकाने आहेत पाच:
पाव, तेल, मासे, गॅस, दात.
दुसरं अंडं कशाखाली मांडावं
हे बराच वेळ सुचेना.
पेन्सिलीला टोक केलं.
कॉफीच्या डब्यातली नाणी उगाच पुन्हा मोजली.
शेवटी दातांखालीच लिहिलं:
तीस सेंट,
उणे.